टर्बोचार्जर का बिघडतो?

मालाने भरलेली डिझेलची पिकअप घाट चढताना बारीक शीळ घालते, ती तुम्ही ऐकली असेल. ती टर्बोचार्जरची. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र इंजिनात हवा दाबून भरते. हवा जास्त, म्हणून जास्त इंधन जाळता येते.

आता थोडे गणित करू. चक्राचा व्यास ५ सेंटिमीटर आणि मिनिटाला १,२०,००० फेरे धरा. कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३१४ मीटर येतो, म्हणजे जवळजवळ ध्वनीइतका! कडेवरचा एक ग्रॅम धातू जागच्या जागी धरून ठेवायला सुमारे ४०० किलोग्रॅम वजनाइतके बल लागते. म्हणून हवेबरोबर आत गेलेल्या खड्याने पात्याचा टवका उडाला, तरी तोल बिघडतो.

हा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. घाट चढून लगेच इंजिन बंद केले, तर तेलाचा प्रवाह थांबतो आणि अडकलेले तेल उष्णतेने करपते. म्हणून गाडी एकदोन मिनिटे हळू चालू ठेवावी. तेल आणि हवेची गाळणी वेळच्या वेळी बदलावी.

शक्ती घटून काळा धूर आला, तर हवा कमी पडत असावी. गाळणी व रबरी नळ्या आधी तपासाव्यात. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. पण दोष टर्बोचाच असेल असे नाही, पिस्टनच्या झिजलेल्या कड्याही तेल जाळतात.

फेरे निम्मे केले, तर ते ४०० किलोग्रॅम किती होतील? काढून पाहा.