नावेची कातडी : जेलकोट की रंग?



आपला नांदगाव तालुका तसा टंचाईचा. पण १९६९ साली पूर्ण झालेलं गिरणा धरण आपल्याच तालुक्यात आहे. परिसर अभ्यासाच्या तासाला धरणातल्या नावांचा विषय निघाला. एका मुलीने विचारलं, "मॅडम, फायबरची नाव तर गंजत नाही, मग तिला रंग कशाला?" प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर शोधताना मलाच बरंच शिकायला मिळालं. ते तुमच्यापुढे मांडते.

फायबरची नाव बनते कशी?

आपण आधी चित्र काढतो, मग रंगवतो. इथे सगळं उलटं असतं. नावेच्या आकाराचा साचा घेतात. त्याला आतून मेण लावतात, म्हणजे नाव साच्याला चिकटत नाही. मग सगळ्यात आधी रंगीत रेझिनचा थर देतात. हाच जेलकोट, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. त्यावर काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिन असे थर चढवतात. सगळं घट्ट झालं की नाव साच्यातून काढतात. म्हणजे बघा, कातडी आधी आणि शरीर नंतर! काचेच्या धाग्यांना पाण्यापासून आणि उन्हापासून वाचवायचं काम हीच कातडी करते.

मग ती खराब का होते?

पहिलं कारण ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचा थर कमजोर होतो. चमक जाते आणि हात फिरवला तर खडूसारखी भुकटी लागते. दुसरं कारण पाणी. नाव वर्षानुवर्षं पाण्यात राहिली की पाणी कणाकणाने जेलकोटमधून आत झिरपतं. आत उरलेल्या रसायनांत मिसळून दाब तयार होतो आणि फोड येतात. असा फोड फोडला तर बऱ्याचदा व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. अशा वेळी फोड उघडून, धुऊन, नाव काही आठवडे नीट वाळवावी लागते. ओल आत ठेवून वरून रंग दिला, तर फोड पुन्हा येणारच.

जेलकोट की रंग?

नुसती चमक गेली असेल तर दोन्ही नको. रबिंग कंपाउंडने घासून मेण लावलं तरी नाव उजळते. थर झिजला असेल, भेगा असतील, तरच पुढचा विचार.

जेलकोट जाड बसतो, मूळ थराच्याच जातीचा असतो आणि जास्त टिकतो. पण हवेतला ऑक्सिजन लागला की त्याचा वरचा पृष्ठभाग चिकट राहतो. म्हणून शेवटच्या हातात मेणाचं द्रावण मिसळावं लागतं. नंतर जाड ते बारीक पॉलिश पेपरने घासत जावं लागतं. मेहनत खूप, आणि जुन्या रंगाशी छटा जुळवणंही अवघड.

दोन भाग मिसळून वापरायचा पॉलियुरेथेन रंग पातळ बसतो आणि स्वतःच चमकतो. पण खालचा प्रत्येक ओरखडा त्यातून दिसतो. शिवाय असे बहुतेक रंग पाण्याच्या रेषेच्या वरच्या भागासाठीच असतात. सतत पाण्याखाली राहणाऱ्या भागाला इपॉक्सीचे थर लागतात. समुद्रात तर त्यावर शेवाळ आणि शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून वेगळा रंग देतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चांगलं धरतं, पण इपॉक्सीने दुरुस्त केलेल्या जागेवर साधा जेलकोट नीट धरत नाही. तिथे रंगच बरा.

मुलांना उदाहरण द्यायचं तर 'म्हादेई'चं द्या. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ही नौदलाची शिडाची नौका बांधली गेली. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिचा गाभा लाकडाचा आणि वर फायबरग्लास. अशा नौकेला साच्यातला जेलकोट मिळत नाही, तिला वरून रंगच द्यावा लागतो.

आमच्या घसरगुंडीचा धडा

नाव लांबची वाटेल, पण हीच कातडी शाळेच्या अंगणात असते. आमची फायबरची घसरगुंडी पांढुरकी झाली होती. आम्ही हौसेने तिच्यावर थेट ऑइल पेंटचा हात मारला. महिन्याभरात पापुद्रे निघाले, खालचे काचेचे धागे उघडे पडले आणि मुलांच्या हातापायांना खाज सुटली. घसरगुंडी बंद करावी लागली.

चूक कुठे झाली? तयारीच केली नव्हती. आधी साबणाने धुणे, मग थिनरने मेण-तेल पुसून काढणे, नंतर घासणे, खड्ड्यांत लांबी भरणे, धूळ पुसणे, प्रायमर आणि शेवटी रंग, हा क्रम आहे. मेण न काढता घासलं तर पेपर तेच मेण ओरखड्यांत दाबतो आणि रंग धरत नाही. दुसऱ्या वेळी सुट्टीत कारागिराकडून याच क्रमाने काम करून घेतलं.

वर्गात करायचा उपक्रम

दोन सारख्या फरश्या घ्या. एकीवर मेणबत्ती घासा, दुसरी साबणाने स्वच्छ धुऊन पुसा. दोन्हींवर पोस्टर कलर लावा. मेणावर रंगाचे थेंब गोळा होतात, नीट पसरत नाहीत. "असं का झालं?" हे मुलांनाच सांगू द्या.

सावधान

खरं काम फक्त मोठ्यांनी, मोकळ्या हवेत करायचं. मास्क, चष्मा, हातमोजे हवेतच. जेलकोटचा हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. हार्डनर आणि ॲक्सिलरेटर कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात मिसळलेलं रेझिन डब्यातच तापून घट्ट होतं, म्हणून सकाळी लवकर आणि थोडं थोडंच मिसळावं.

पालकहो, आज शाळेत किंवा बागेत गेलात तर घसरगुंडीवरून एकदा हात फिरवून बघा. हाताला भुकटी लागली तर डागडुजीची वेळ आली आहे. धागे टोचले तर मुलांना त्यावर बसू देऊ नका आणि शाळेला लगेच कळवा.