आवाजाचे पॅनेल आणि कापड दुकानदार

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या भागात आता स्लॅबची घरे झाली आहेत. गुळगुळीत गिलावा, टाइल्सची लादी, काचेच्या खिडक्या. अशा दिवाणखान्यात महागडे स्पीकर लावले तरी शब्द घुमतो आणि नात असो वा कव्वाली, मजा जाते. मग गिऱ्हाईक आम्हा कापडवाल्यांकडे येऊन ‘साउंडप्रूफ पडदा’ मागते. असा पडदा नसतो. शेजारचा आवाज अडवायला वजनदार भिंत आणि बंद फटी लागतात. कापड खोलीतला घुमारा कमी करते, एवढेच. दुकानदार बंधूंनी हे आधी सांगावे, मग माल कापावा.

१८९५ साली अमेरिकेत हार्वर्डच्या एका नव्या सभागृहात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद ऐकू येत राही. वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाने दुसऱ्या नाट्यगृहातील गाद्या आणून मांडल्या व घुमारा किती घटतो ते मोजले. म्हणजे या इल्मची सुरुवातच गादी-कापडापासून झाली.

पॅनेल कुठे लावावे? ऐकणाऱ्याने आपल्या जागी बसावे. दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवर, स्पीकरच्या उंचीला, आरसा हळूहळू सरकवावा. बसल्या जागेवरून आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज उलटून कानात येतो. पॅनेलचा मध्य तिथे यावा. समोरच्या भिंतीवरही तसेच, शिवाय छतावर. चारी भिंती मढवू नयेत. आवाज मुर्दा होतो आणि गिऱ्हाइकाचे पैसेही जातात.

आत दोन इंची रॉकवूल भरावे व भिंतीपासून दोन इंच अंतर सोडावे. त्याने आवाज जास्त शोषला जातो, आणि आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात भिंतीची ओलही आत उतरत नाही. ढोलासारखा खालचा आवाज मात्र एवढ्या जाडीला दाद देत नाही; त्यासाठी कोपऱ्यात बरेच जाड पॅनेल लागते.

वरचे कापड तोंडाला लावून फुंकर मारावी. पलीकडे हाताला हवा लागली तर चालेल. रेक्झिन व कोटिंगचे ब्लॅकआउट कापड इथे निरुपयोगी, कारण बारीक आवाज त्यावरून परत उडतो. सुती कापड आपल्याकडे बुरशी धरते, म्हणून विरळ विणीचे पॉलिएस्टर बरे. दोन बाय चार फुटी पॅनेलला कडा व मागची घडी धरून ५८ इंची पन्ह्याचे ३२ इंच कापड पुरते. चार पॅनेलांना सव्वातीन मीटर झाले. गिऱ्हाइकाला सहा मीटर फाडून देऊ नये.