ज्युनिपरची पेटी आणि तिचे तेल

अमेरिकेत ‘ईस्टर्न रेड सीडर’ या नावाने विकले जाणारे लाकूड देवदाराच्या जातीचे नसून ज्युनिपरचे असते. झाडाचे शास्त्रीय नाव ज्युनिपरस व्हर्जिनियाना. अटलांटिक किनाऱ्याकडून थेट ओक्लाहोमा-कॅन्ससच्या गवताळ मुलखापर्यंत ते आपोआप उगवते. पूर्वी वणव्यांमुळे त्याला आवर बसे. वणवे विझवले जाऊ लागले तसे ते कुरणांत पसरले आणि गुरे पाळणाऱ्यांना नकोसे झाले. तोडून नेण्याच्या बोलीवर ओंडका कधी कधी फुकटही मिळतो. प्रस्तुत लेखकाला ओक्लाहोमात तो तसाच मिळाला, आणि फुकटच्या ओंडक्याने पुढे बरेच शिकवले.

ताजा कापलेला गाभा जांभळट लाल असतो, त्याभोवतीचा थर जवळजवळ पांढरा. एकाच फळीत दोन्ही रंग आले की ती फार देखणी दिसते, पण टिकाऊपणा फक्त लाल भागात असतो. गाभ्याचा खांब कुंपणात वर्षानुवर्षे उभा राहतो, पांढरा थर मात्र लवकर कुजतो आणि त्याला कीडही लागते. वजनाला हे लाकूड सागाहून हलके, घनमीटरला साधारण ५३० किलो, आणि सागाहून मऊही. सरळ रेषांच्या तुकड्यात पटाशी सहज चालते. म्हणूनच विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत उत्तम पेन्सिली याच लाकडाच्या होत. पुढे तो मान कॅलिफोर्नियाच्या इन्सेन्स सीडरने घेतला.

घरगुती कामाला मिळणारा माल मात्र गाठींनी भरलेला असतो. गाठीपाशी रेषा वळतात आणि रंध्याचे पाते तिथे अडकून शेजारचा ढलपा उचकटते. पाते नुकते पाजळलेले असावे आणि ढलपी कागदासारखी पातळ निघावी, एवढे सांभाळले की बहुतेक गाठी निभावतात. लाकूड चटकन फाकत असल्याने फळीच्या टोकाशी स्क्रू बसवण्याआधी भोक पाडून घ्यावे. कापताना-घासताना उडणारा भुसा नाकाडोळ्यांना झोंबतो, काहींच्या अंगावर पुरळ उठते. मास्क हवाच.

वाळवण्यात घाई नको. हिरवे लाकूड पूर्ण वाळेपर्यंत परिघाच्या दिशेने सुमारे ४.७ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे ३.१ टक्के आकसते. या फरकामुळे ओंडक्याच्या ओल्या गोल चकत्या सालीपासून मध्यापर्यंत उलतात. फळ्या पाडून, टोकांना मेण लावून, मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचाव्यात.

या लाकडाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या तेलात आहे. सेड्रॉलसारख्या द्रव्यांमुळे त्याला तो प्रसिद्ध वास येतो, आणि त्या वासासाठीच लोकरी-रेशमी कपड्यांच्या पेट्या याच्या करतात. प्रस्तुत लेखकाने आईच्या पैठणीसाठी अशी पेटी केली. सागाच्या कपाटाला करतात तसे आतून-बाहेरून व्हार्निश मारले, दुसऱ्या दिवशी पैठणी ठेवली आणि झाकण लावले. सहा महिन्यांनी पेटी उघडली तेव्हा आतले व्हार्निश च्युइंगमसारखे चिकट झाले होते. पैठणीची घडी तळाला धरून बसली होती. ती सोडवताना व्हार्निशची पातळ साय पदरासोबत उचलून आली, आणि एका मोरावर चहाच्या रंगाचा डाग राहिला. तो आजही आहे.

कारण साधे होते. गाभ्यातले तेल हवेत उडत राहते. उघड्या टेबलावर त्याची वाफ निघून जाते. बंद पेटीत ती कोंडते आणि व्हार्निश, लॅकर, चपड्याचे पॉलिश मऊ करते. शिवाय तेलकट पृष्ठावर व्हार्निश मुळात नीट वाळतही नाही. म्हणून पेटी आतून कोरीच ठेवावी, झाकणाची आतली बाजूसुद्धा. पॉलिश फक्त बाहेरून. कापड लाकडाला थेट टेकू देऊ नये. धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवावे. जुने फोटो आणि कागदपत्रे अशा पेटीत मुळीच नकोत.

कसरीबाबतही भरवसा बेताचाच ठेवावा. तेलाच्या वाफेने नुकत्या निघालेल्या बारीक अळ्या मरू शकतात, पण अंडी आणि मोठ्या अळ्या तगतात, आणि झाकण घट्ट नसेल तर तेवढाही उपयोग होत नाही. कपडे आधी स्वच्छ करून, घड्या नीट झटकूनच आत जावेत. अंडी आत गेली तर पेटी ती मारणार नाही.

काही वर्षांत पृष्ठावरचे तेल उडून वास मंदावतो. बाजारात मिळणारे सुवासिक तेल आत चोपडले तर पुन्हा डागांची भीती असते. त्यापेक्षा पेटी रिकामी करून आतून बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा. वरचा थर निघाला की खालच्या लाकडातून तोच वास परत येतो. भुसा पुसून काढावा, पेटी दोन दिवस उघडी ठेवावी आणि मग कपडे मलमलीसह परत आत ठेवावेत.