क्रेडिट कार्डाचे देणे : किमान रकमेच्या पलीकडे

कर्ज हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती सावकाराची वही, गहाण पडलेली जमीन किंवा सोसायटीच्या पीककर्जाची थकबाकी. दरमहा ठरलेले वेतन मिळविणारा माणूस या चित्राच्या बाहेरचा, असा एक समज आहे. परंतु गेल्या काही वर्षांत शिक्षक, लिपिक, ग्रामपंचायत अधिकारी, आरोग्य सेवक अशा नियमित उत्पन्नाच्या वर्गाच्या खिशात क्रेडिट कार्ड आले आणि त्याच्या मागोमाग कर्जाचा एक नवा प्रकार घरात शिरला. या कर्जाला तारण लागत नाही, जामीनदार लागत नाही, मंजुरीसाठी हेलपाटे पडत नाहीत. म्हणूनच आपण कर्ज काढले आहे याची जाणीव पुष्कळांना फार उशिरा होते.

हे साधन मुळात वाईट आहे असे नव्हे. भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली क्रेडिट कार्ड आणले, तेव्हापासून त्याचे तत्त्व एकच राहिले आहे. महिनाभराच्या खरेदीचे एक देयक तयार होते आणि त्यातील संपूर्ण रक्कम देय दिनांकापर्यंत भरल्यास खरेदीवर व्याज पडत नाही. ज्याला हे दरमहा निभावता येते त्याला काही आठवड्यांची बिनव्याजी उसनवारी मिळते. प्रश्न निर्माण होतो तो देयकावर छापलेल्या दुसऱ्या एका आकड्यामुळे. तो आकडा म्हणजे ‘किमान देय रक्कम’.

किमान रकमेचे गणित

समजा, एका शिक्षकाच्या कार्डावर ५०,००० रुपयांचे देणे साचले आहे. घरातील आजारपण, मुलाचे महाविद्यालयीन शुल्क, लग्नसराईची खरेदी, कारण कोणतेही असो. अनेक कार्डांवर दरमहा साडेतीन टक्के किंवा त्याच्या आसपास व्याज आकारले जाते. साडेतीन हा आकडा लहान दिसतो, पण वर्षाचा हिशेब केला तर तो ४२ टक्के होतो. शिवाय क्रेडिट कार्डाच्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर द्यावा लागतो. साध्या कर्जाच्या व्याजावर हा कर नाही, कार्डाच्या व्याजावर मात्र आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. कर धरून दरमहाचा भार ४.१३ टक्क्यांवर जातो.

या शिक्षकाने नवी खरेदी पूर्णपणे थांबविली आणि तो दरमहा केवळ किमान रक्कम, म्हणजे एकूण देय रकमेच्या ५ टक्के, भरत राहिला असे धरू. प्रत्येक बँकेची किमान रक्कम काढण्याची रीत थोडी वेगळी असते, पण चित्र समजण्यास एवढे पुरे आहे. पहिल्या महिन्यात व्याज १,७५० रुपये आणि कर ३१५ रुपये मिळून देणे ५२,०६५ रुपये होते. त्याच्या ५ टक्के म्हणजे सुमारे २,६०३ रुपये भरले जातात. देणे उरते ४९,४६२ रुपये. याचा अर्थ, खिशातून अडीच हजारांहून अधिक रक्कम गेली आणि मूळ देणे जेमतेम ५३८ रुपयांनी उतरले.

वर्षअखेरीस त्याने एकंदर सुमारे २९,४५० रुपये भरलेले असतात आणि देणे कमी झालेले असते सुमारे ६,१०० रुपयांनी. ५०,००० चे २५,००० होण्यास ६४ महिने, म्हणजे पाच वर्षे चार महिने लागतात. तोपर्यंत भरणा झालेला असतो १ लाख २० हजारांच्या वर. निम्मे देणे अजून शिल्लकच असते.

असे का व्हावे? किमान रक्कम ही देण्याच्या प्रमाणात ठरते. देणे जसे उतरते तशी तीही उतरते, आणि भरणाऱ्याला वाटते की आपला भार हलका होत आहे. वस्तुतः हलका होतो तो हप्ता. मुदत तेवढी लांबत जाते. यात मनाचाही भाग आहे. इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ नील स्ट्युअर्ट यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही लोकांना किमान रक्कम छापलेले कल्पित देयक दाखविले, तर काहींना ती न छापलेले. देय रकमेपैकी काही भागच भरू इच्छिणाऱ्यांत, ज्यांच्यापुढे तो लहान आकडा नव्हता त्यांनी अधिक रक्कम भरण्याची तयारी दर्शविली. छापील आकडा भरणाऱ्याचा हात आखडून धरतो, असा याचा अर्थ.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांत या बाबीची दखल घेतली. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबेल, असा इशारा देयकावर असावा, तसेच किमान रक्कम इतकी कमी नसावी की देणे उतरण्याऐवजी वाढतच जावे, असे त्यांत सांगितले होते. वर मांडलेले गणित या मर्यादेच्या आतले आहे, हे लक्षात घ्यावे.

कायदा किती साहाय्य करतो?

जुन्या मुंबई इलाख्यात हिंदू कायद्यातील दामदुपटीचा नियम न्यायालये मानीत असत. सावकाराला एका वेळी मागता येणारे थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक असता कामा नये, असा तो नियम. आजही खेड्यांतील वडीलधारी माणसे ‘दामदुपटीच्या वर कसले व्याज?’ असे सहज बोलून जातात. कार्डधारकाने मात्र या समजुतीवर विसंबू नये. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हा सावकारांसाठी आहे. बँकेने दिलेले कर्ज त्याच्या कक्षेत येत नाही. बँकिंग नियमन अधिनियमाच्या कलम २१-अ नुसार बँकेचा व्याजदर अवाजवी आहे या कारणाने न्यायालयास व्यवहार पुन्हा उघडता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ साली क्रेडिट कार्डावर वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. तेव्हा व्याजदर कोणी कमी करून देईल याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

हप्ता गोठविणे

पहिला उपाय अगदी साधा आहे आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. पहिल्या महिन्यात जी किमान रक्कम आली तीच, म्हणजे वरील उदाहरणात २,६०० रुपये, दरमहा ठाम भरत राहावे. पुढील देयकांवर आकडा कमी छापून आला तरी त्याकडे पाहू नये. एवढ्या एका बदलाने ५०,००० रुपयांचे देणे सुमारे ३९ महिन्यांत पूर्ण फिटते. एकूण भरणा सुमारे १ लाख दीड हजार रुपये होतो. तोही थोडा नाही, पण त्याला शेवट आहे. हप्ता ५,००० रुपये करता आला तर चौदाव्या महिन्यात देणे संपते आणि एकूण भरणा ६६,००० रुपयांच्या आत राहतो.

आरंभी भरलेल्या ठोक रकमेचा प्रभाव तर याहून मोठा. महागाई भत्त्याची थकबाकी हाती आली आणि त्यातील १०,००० रुपये आरंभीच कार्डावर भरले, तर तेच २,६०० रुपयांचे हप्ते ३९ ऐवजी २५ पुरतात. दहा हजारांच्या भरण्याने एकूण सव्वीस हजारांहून अधिक रुपये वाचतात. एकीकडे सहा-सात टक्क्यांची मुदत ठेव जपून ठेवायची आणि दुसरीकडे बेचाळीस टक्के मोजायचे, हा प्रकार सुशिक्षित घरांतही आढळतो. ठेव मोडणे अशुभ मानले जाते की काय, न कळे. आजारपणासाठी दोन-तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला ठेवून उरलेली ठेव देण्याकडे वळविणे शहाणपणाचे होय.

हे करीत असताना कार्ड कपाटात ठेवणे अगत्याचे आहे. मागील देणे बाकी असताना केलेल्या नव्या खरेदीस बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा घेतला त्या दिवसापासून व्याज चालू होते. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर देणे असो वा नसो, त्याच दिवसापासून व्याज, आणि शुल्क निराळेच. व्याजाची आकारणी दिवसावर होत असल्याने भरणाही देय दिनांकाची वाट न पाहता वेतन जमा होताच करावा. १०,००० रुपये १८ तारखेऐवजी १ तारखेस भरल्यास त्या सतरा दिवसांचे, कर धरून, सुमारे २३० रुपये वाचतात.

महागडे देणे स्वस्त कर्जात वळविणे

सर्वांत मोठी बचत येथे आहे, आणि या बाबतीत आपल्या राज्यातील नोकरदार वर्ग पुष्कळांपेक्षा भाग्यवान आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षकांच्या व पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्था आहेत. सभासदाचा हप्ता वेतनातून परस्पर कापला जातो. समजा, पतसंस्थेने वार्षिक १२ टक्के दराने ५०,००० रुपये दोन वर्षांसाठी दिले आणि त्यातून कार्डाचे देणे एकरकमी भरले. मासिक हप्ता येतो सुमारे २,३५४ रुपये आणि दोन वर्षांचा एकूण भरणा सुमारे ५६,५०० रुपये. कार्डाच्या गोठविलेल्या हप्त्यापेक्षा दरमहा अडीचशे रुपये कमी भरूनही देणे पंधरा महिने आधी संपते आणि सुमारे ४५,००० रुपये वाचतात. प्रत्येक संस्थेचा दर, कपात व प्रक्रिया शुल्क वेगळे असते, ते अर्ज करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

तरीही अनेकजण तेथे जात नाहीत. पतसंस्थेत अर्ज केला की जामीनदार शोधावा लागतो, सहकाऱ्यांना कळते, चार माणसांत चर्चा होते. कार्डाचे कर्ज मात्र कोणाला दिसत नाही. ही लाज फार महाग पडते. शाळेच्या मुख्याध्यापकाने किंवा कार्यालयप्रमुखाने एखाद्या बैठकीत हे गणित फळ्यावर मांडले, तर कोणाचेही नाव न घेता अनेकांची वाट मोकळी होईल.

पतसंस्था नसेल तर बँकेचे वैयक्तिक कर्ज, सोन्याच्या तारणावरील कर्ज किंवा कार्ड देणाऱ्या बँकेकडूनच थकबाकीचे हप्त्यांत रूपांतर हे पर्याय राहतात. रूपांतरित हप्त्यांतील व्याजावरही वस्तू व सेवा कर लागतो आणि प्रक्रिया शुल्क असते, हे धरूनच तुलना करावी. सोने गहाण ठेवण्याचा निर्णय घरातील स्त्रीला विश्वासात घेऊन व्हावा, कारण हप्ता चुकल्यास लिलावात जातात ते बहुधा तिचेच दागिने. एका कार्डाचे देणे दुसऱ्या कार्डाने किंवा मोबाईलवरील झटपट कर्जाने भरणे हा उपाय नव्हे. ती याची टोपी त्याच्या डोक्यावर घालण्याची रीत आहे.

दोन-तीन कार्डे असतील तर कोणते आधी फेडावे? गणित सांगते, ज्याचा व्याजदर जास्त ते. परंतु डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन या अमेरिकन अभ्यासकांनी २०१२ साली दाखविले की एकेक खाते पूर्ण बंद करीत जाणारे लोक सर्व देण्यांतून मुक्त होण्याची शक्यता अधिक असते. दरांत फारसा फरक नसेल तर लहान देणे आधी संपवावे, असे आमचे मत आहे. मात्र इतर कार्डांची किमान रक्कम चुकवू नये.

तडजोड, तक्रार आणि कार्ड बंद करणे

देणे फारच थकले की वसुली करणारे काही रक्कम माफ करून तडजोडीचा प्रस्ताव मांडतात. तो स्वीकारल्यास पतमाहिती अहवालात ‘तडजोड झाली’ अशी नोंद होते आणि पुढे गृहकर्ज मागताना ती आड येते. जेथे खरोखर दुसरा मार्ग नाही तेथेच हा पर्याय घ्यावा आणि अटी लेखी घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत. वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर दूरध्वनी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केले. धमकी किंवा नातेवाइकांना त्रास होत असल्यास बँकेकडे लेखी तक्रार करावी, आणि तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्यासाठी शुल्क नाही.

देणे संपल्यावर कार्ड बंद करण्याची विनंती लेखी द्यावी. २०२२ च्या निर्देशांनुसार, खात्यात काही बाकी नसल्यास बँकेने सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करावयाचे आणि विलंब झाल्यास खातेदारास दररोज ५०० रुपये द्यावयाचे, असा नियम घालण्यात आला. काही बाकी नसल्याचे पत्र मागून घ्यावे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याची सोय २०१७ पासून आहे. दोन-तीन महिन्यांनी तो मागवून कार्डापुढे ‘बंद’ अशी नोंद झाली आहे ना, हे पाहून घ्यावे.