अभ्यासपाठ : फौजदारी खटल्याचा आरंभ आणि वकिलाचा सल्ला

वाचन : प्रेषितांचीं कृत्यें १६:१९–४०, २२:२२–३०, २५:१–१२. सोबत नीतिसूत्रें १८:१७ व योहान ७:५०–५१.



आपल्या मंडळ्यांत एक समज खोलवर रुजलेला आहे. ज्याचें मन शुद्ध आहे त्यास वकिलाचें काय काम? वकील हा लबाडाचा सोबती. खऱ्याचा कैवार देव घेईल. हा समज ऐकावयास धार्मिक वाटतो. परंतु त्याच्यापायीं साधींभोळीं माणसें न वाचलेल्या कागदांवर अंगठे उठवितात, मुदती चुकवितात, आणि जेव्हां वकिलाकडे धांव घेतात तेव्हां बरेंचसें होऊन गेलेलें असतें. म्हणून या आठवड्याच्या पाठांत फौजदारी खटला कसा उभा राहतो आणि सल्ला केव्हां घ्यावा, हें शास्त्राच्या व कायद्याच्या आधारें पाहूं.

१. पौलाचे दोन प्रसंग

फिलिप्पै नगरांत पौल व सीला यांस चौकशीवांचून छड्या मारून बंदिशाळेंत टाकलें. आपण रोमी नागरिक आहों, दोषी ठरल्याखेरीज आम्हांस मारलें, असें पौलानें दुसऱ्या दिवशीं सकाळीं सांगितलें. अधिकारी घाबरले, स्वतः आले, विनवण्या करूं लागले. तरी पाठीवरचे वळ उठलेले ते उठलेच होते; बंदिशाळेच्या नायकानें ते रात्रींच धुतले होते.

पुढें यरुशलेमांत सरदारानें पौलास फटके मारून चौकशी करण्याची आज्ञा दिली. वाद्यांनीं बांधलें जात असतांनाच पौलानें जवळच्या शताधिपतीस विचारलें, रोमी मनुष्यास, तोहि दोषी न ठरलेला, फटके मारणें कायदेशीर आहे काय? चौकशी करणारे तत्काळ दूर झाले.

मनुष्य तोच, हक्क तोच; अंतर केवळ वेळेचें. पहिल्या वेळीं हक्काचें वचन फटक्यांनंतर बोललें गेलें, दुसऱ्या वेळीं फटक्यांपूर्वीं. हक्काचा शब्द वेळेवर उच्चारणें हा अविश्वास नव्हे, हें या अध्यायांवरून स्पष्ट होतें. या पाठाचें सारहि हेंच आहे : सल्ला घ्यावयाचा तो पहिल्या कागदाच्या वेळीं, शेवटच्या कागदाच्या वेळीं नव्हे.

२. खटल्याच्या वाटा

आपल्या देशांत १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेसाठीं ‘भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३’ हा कायदा चालू आहे. त्याप्रमाणें प्रकरण बहुधा पुढील वाटांनीं सुरू होतें.

पहिली वाट दखलपात्र गुन्ह्याची. खून, दरोडा, चोरी अशा गुन्ह्याची खबर पोलीस ठाण्यावर देतात. ती लिहून घेतात, देणाऱ्यास वाचून दाखवितात, त्याची सही घेतात व एक प्रत विनामूल्य देतात. हीच प्रथम खबर, जिला लोक एफ. आय. आर. म्हणतात. खबरींतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर ती नोंदविणें पोलिसांचें कर्तव्य आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें ललिताकुमारी खटल्यांत २०१३ सालीं ठरविलें. नव्या संहितेनें तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आंत शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठांच्या परवानगीनें, चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मोकळीक दिली आहे. मात्र ‘ही आमची हद्द नव्हे’ एवढें सांगून फिर्यादीस परत लावतां येत नाहीं. ठाण्यावर खबर घेतली नाहीं तर ती लेखी करून पोलीस अधीक्षकाकडे पाठवावी. तेथेंहि दाद न लागल्यास मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा.

दुसरी वाट अदखलपात्र गुन्ह्याची. किरकोळ मारहाण, शिवीगाळ अशा तक्रारीची पोलीस नोंद करतात. पण मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावांचून तपास करीत नाहींत व वॉरंटाशिवाय अटकहि करीत नाहींत.

तिसरी वाट थेट मॅजिस्ट्रेटपुढील खाजगी फिर्यादीची. नव्या कायद्यानें येथें एक चांगली गोष्ट केली आहे : ज्याच्यावर फिर्याद आहे त्याचें म्हणणें ऐकण्याची संधि दिल्यावांचून मॅजिस्ट्रेटनें तिची दखल घ्यावयाची नाहीं. निकदेमानें सभेंत विचारलेला प्रश्न आज असा कायद्यांत आला आहे.

चौथी वाट संशयास्पद मृत्यूची. कोणी अकस्मात् मेला तर पोलीस प्रथम अपघाती मृत्यूची नोंद करून पंचनामा करतात. तो अद्याप कोणावरचा आरोप नसतो. तरी आरोप तेथून उगवूं शकतो.

३. जुहू येथील एक खटला

या चौथ्या वाटेचें उदाहरण मुंबईच्या उपनगरांतील जुहू येथें घडलें. समुद्रकांठच्या त्या वस्तींत एकीकडे जुना कोळीवाडा, दुसरीकडे सिनेमाच्या नटनटींचे बंगले. आणि त्या बंगल्यांत स्वयंपाक करावयास, मोटार हांकावयास व राखण करावयास गांवोगांवचीं माणसें राहतात. म्हणून तेथील गोष्ट आपणांस अगदीं परकी नाहीं.

३ जून २०१३ रोजीं जिया खान ही पंचवीस वर्षांची नटी जुहू येथील आपल्या घरीं मृत आढळली. पोलिसांनीं प्रथम अपघाती मृत्यूची नोंद केली. त्या दिवशीं कायद्याच्या दृष्टीनें आरोपी कोणीच नव्हता. कांहीं दिवसांत तिच्या घरच्यांस सहा पानांचें एक पत्र सांपडलें व तें तिच्याच हातचें आहे असें त्यांनीं सांगितलें. त्यानंतर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा नोंदला गेला, आणि १० जून रोजीं तिच्या मित्रास, एका तरुण नटास, अटक झाली. १ जुलै रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें त्यास जामीन दिला. २०१४ सालीं उच्च न्यायालयाच्या हुकुमानें तपास सी. बी. आय. कडे गेला. शेवटीं २८ एप्रिल २०२३ रोजीं विशेष न्यायालयानें पुरावा अपुरा ठरवून त्यास निर्दोष सोडलें.

मुलगी गमावलेल्या आईचें दुःख मोठें, आणि जवळजवळ दहा वर्षें आरोपी म्हणून काढलेल्या तरुणाचाहि भार मोठा. त्यांचा न्याय करणें आमचें काम नव्हे. परंतु या हकीकतींतून तीन गोष्टी शिकतां येतात. पहिली : मृत्यूची साधी नोंद व अटक यांमध्यें एकच आठवडा होता; सल्ल्याचा काळ किती थोडा असतो तो पाहा. दुसरी : ज्यास आज माहितीसाठीं बोलावतात तो उद्यां आरोपी होऊं शकतो. तिसरी : गुन्हा नोंदला म्हणजे दोष सिद्ध झाला असें नव्हे. आधीं बोलणाऱ्याचें म्हणणें खरें वाटतें, मग दुसरा येऊन त्याची पारख करतो, हें नीतिसूत्रांतील तत्त्व न्यायालयांत रोज प्रत्ययास येतें.

४. सल्ला केव्हां घ्यावा

(अ) ठाण्यावरून बोलावणें येतांच. कलम ३५ प्रमाणें लेखी नोटीस आली तर ती मोडूं नये. ठरल्या वेळीं हजर व्हावें, पण तत्पूर्वीं ती वकिलास दाखवावी. नोटिशीप्रमाणें वागणाऱ्यास सहसा अटक होत नाहीं. तरीहि करावयाची तर पोलिसांस कारणें लिहून ठेवावीं लागतात. साक्षीदार म्हणून बोलावणें असेल तर स्त्रियांस, पंधरा वर्षांखालील मुलांस व साठ वर्षांवरील पुरुषांस घर सोडून ठाण्यावर जाण्याची सक्ति नाहीं. पोलिसांनीं त्यांच्या घरीं यावें.

(आ) अटकेची भीति वाटतांच. अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयांत किंवा उच्च न्यायालयांत करतां येतो. पण तो अटकेपूर्वींच. पळून जाणें हा उपाय नव्हे. त्यानें निरपराध्याचेंहि प्रकरण बिघडतें.

(इ) अटक होतांच. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदानें दिला आहे, आणि चौकशी चालू असतांना वकिलास भेटूं देण्याची तरतूद संहितेंत आहे. मात्र तो सर्व वेळ जवळ बसेल असें नाहीं. अटकेची बातमी नातलगास किंवा मित्रास दिली पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटपुढें नेलें पाहिजे. वरळी येथील एका मोटार-अपघाताच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें ६ नोव्हेंबर २०२५ रोजीं असें ठरविलें कीं, अटकेचीं कारणें आरोपीस समजेल अशा भाषेंत लेखी दिलीं पाहिजेत; तीं तत्क्षणीं देतां न आल्यास मॅजिस्ट्रेटपुढें नेण्याच्या निदान दोन तास आधीं तरी द्यावीं. ज्यास मराठीच समजते त्यानें मराठींत मागावीं.

(ई) कोणत्याहि कागदावर सही किंवा अंगठा करण्यापूर्वीं. तपासांत पोलिसांनीं लिहून घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यावयाची नसते, असें कलम १८१ सांगतें. पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करतां येत नाहीं, असाहि कायदा आहे. कोऱ्या कागदावर तर कधींच सही करूं नये.

येथें कोणी विचारील, मग खरें बोलण्याचें काय? साक्षीदारानें खरेंच सांगावें. पण स्वतःस गुन्ह्यांत गोंवणारें उत्तर देण्याची सक्ति कायदा करीत नाहीं, आणि मौन म्हणजे असत्य नव्हे. हेरोदानें पुष्कळ प्रश्न केले तेव्हां आपला प्रभु गप्प राहिला (लूक २३:९). खोटें बोलूं नये. तसेंच भीतीनें, न केलेलें कृत्य केलें म्हणून सांगणें हेंहि खोटेंच आहे. वकिलापाशीं मात्र सर्व हकीकत जशी घडली तशी सांगावी. जो खोटी साक्ष पढवितो तो खरा सल्लागार नव्हे, त्यास सोडावें.

५. पैसा नसेल तर

गरिबास सरकारी खर्चानें वकील मिळणें ही कृपा नसून हक्क आहे. आपल्या राज्यांतून गेलेल्या होस्कोट खटल्यांत १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो हक्क मान्य केला. १९८३ सालीं, शीला बारसे या पत्रकार बाईंनीं मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांची स्थिति कळविल्यावर, कोणास अटक होतांच पोलिसांनीं जवळच्या विधि-साहाय्य समितीस कळवावें असा हुकूम झाला. आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यांत पकडलेल्या अजमल कसाबची फांशी कायम करतांनाहि त्याच न्यायालयानें २०१२ सालीं सांगितलें कीं, आरोपीस प्रथम पुढें आणतांच वकिलाचा हक्क त्यास समजावून देणें हें मॅजिस्ट्रेटचें कर्तव्य आहे. अशा मनुष्यासहि जो हक्क, तो आपल्या मंडळींतील मोलकरणीस कां नसावा?

१९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणें स्त्रिया, मुलें व कोठडींत असलेलीं माणसें यांस उत्पन्न न पाहतां वकील मिळतो. इतरांस उत्पन्नाच्या मर्यादेंत मिळतो. अर्ज तालुक्याच्या न्यायालयांतील विधि सेवा समितीकडे करावा. दूरध्वनि १५१०० हा आहे. कोर्टाच्या आवारांतील दलालास पैसे देऊं नयेत.

६. मंडळीचें कर्तव्य

रात्रीं कोणी दार ठोठावून ‘माझ्या धन्यास नेलें’ असें रडत सांगेल, तेव्हां उपदेशकानें आधीं प्रार्थना करावी आणि मग लिहून घ्यावें : कोणतें ठाणें, कोणता अधिकारी, किती वाजतां नेलें, कोणता कागद दिला. मग वरील क्रमांकावर कळवावें, आणि एकट्या बाईस न पाठवितां स्वतः बरोबर जावें. आरोपीच्या वतीनें हकीकत सांगूं नये. तें वकिलाचें काम. साक्षीदारांच्या घरीं समजूत घालावयास जाऊं नये. आणि निकाल लागण्यापूर्वीं त्या घराशीं बोलणें टाकूं नये. शिक्षा झाली तरीहि नये.

योहानाच्या पहिल्या पत्रांत (२:१) ख्रिस्तास आपला कैवारी म्हटलें आहे. दुसऱ्याची बाजू घेऊन उभें राहणें हें ज्याच्या नांवास शोभलें, त्याच्या शिष्यांनीं तें काम हलकें मानूं नये.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. फिलिप्पै व यरुशलेम येथील प्रसंगांत कोणतें अंतर आहे?
२. आपलें पोलीस ठाणें व विधि सेवा समिति कोठें आहे? किती जणांस ठाऊक आहे?
३. नोटीस वाचतां न येणाऱ्यांस ती वाचून दाखविण्याचें काम आपल्यांतून कोण घेईल? त्याचें नांव आजच ठरवावें.