सालामांकाला निघण्यापूर्वी

चि. मुक्ता,


सालामांकाला तुझा प्रवेश पक्का झाल्याचं ताईने कळवलं. १२१८ सालच्या विद्यापीठाच्या गावी तू स्पॅनिश शिकणार, फार बरं वाटलं. क्रियापदांची तुला काळजी नाही. आणि व्याकरण चुकलंच, तर भाजीवालीसुद्धा हसत दुरुस्त करेल. रीत चुकली तर मात्र कुणी बोलून दाखवणार नाही. तुझ्याबद्दलचं मत तेवढं बनून जाईल. म्हणून चार गोष्टी सांगते.

पहिली, घड्याळाची. दुपारचं जेवण दोन-अडीचला, रात्रीचं नऊच्या पुढे. १९४० साली फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं तासभर पुढे गेली, ती तशीच राहिली. त्यामुळे जूनअखेरीस सालामांकात सूर्य मावळायलाच दहा वाजत येतात. सातला भूक लागली म्हणून घरमालकिणीकडे जेवण मागू नकोस, दुपारचं चांगलं खाऊन घे. जेवण झालं की ताट उचलून खोलीत पळायचं नाही. तिथे जेवणानंतर गप्पा रंगतात, कधी तासभरही. वर्गात न मिळणारं स्पॅनिश तिथेच कानावर पडेल. हॉटेलात बिलही मागितल्याशिवाय आणत नाहीत. ते दुर्लक्ष नव्हे, तुला उठवायचं नाही म्हणून.

दुसरी, खाण्याची. 'मांस नको' एवढंच म्हणालीस तर पुढ्यात हॅम किंवा मासा येऊ शकतो, आणि वाढणाऱ्याला त्यात काही चुकल्यासारखं वाटणार नाही. साध्या मिश्र सॅलडमध्येही बहुधा ट्यूना असतो. म्हणून मांस, मासे, हॅम, प्रत्येकाचं नाव घेऊन नाही म्हण. घरमालकिणीला हे पहिल्याच दिवशी सांग, तिने रांधल्यावर नाही.

तिसरी, बाजारातली. मासळीच्या किंवा फळांच्या ठेल्यापुढे माणसं अस्ताव्यस्त उभी दिसतील. रांग नाही असं समजून पुढे घुसू नकोस. गेल्या गेल्या विचारायचं, 'किएन एस एल उल्तिमो?', म्हणजे शेवटचं कोण? एखाद्या आजी 'यो' म्हणतील. त्यांचा चेहरा लक्षात ठेव, तुझा नंबर त्यांच्यामागे. पुढच्याने विचारलं की 'यो' म्हणायची पाळी तुझी. आणि दुकानात, लिफ्टमध्ये शिरताना नमस्कार-चमत्कार केल्याशिवाय राहू नकोस. 'ओला' नाहीतर 'बुएनास' एवढंही पुरतं.

चौथी, बोलण्याची. बारमध्ये लोक सरळ 'एक कॉफी दे' म्हणतात. त्यात उर्मटपणा नसतो. बोलण्याचा सूर प्रेमळ असला की झालं. अनोळखी माणसंही चटकन अरे-तुरेवर येतात. पण वयस्कर माणसांशी आणि कचेरीत आपल्या अहो-जाहोसारखं 'उस्तेद' वापर. समोरच्याने 'तू म्हण' सांगितलं की मग आढेवेढे घेऊ नकोस. अंतर राखतेस असं वाटतं. ओळख करून देताना गालाला गाल लावतात, दोन्ही बाजूंनी. तुला अवघडल्यासारखं झालं तर आधीच हसून हात पुढे कर, कुणी वाईट वाटून घेत नाही.

यातलं काही विसरलीस तर घरमालकिणीलाच विचार, 'इथे कसं करतात?' विचारणाऱ्या मुलीला चुका माफ असतात. शिवाय उत्तर स्पॅनिशमध्येच मिळेल.

पोचल्यावर कळव.

तुझी,
मावशी