लॉगिनच्या फाइलीला रिक्वायरच हवं

अगं, गावातल्या पतसंस्थेची साइट तुझ्याकडे आली हे ऐकून फार बरं वाटलं. शेवगावात राहून असं काम हाती येणं सोपं नाही, म्हणून सुरुवात नीट कर.

2024 मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. ज्या साइटींवर हेडर-फूटर प्रत्येक पानात कॉपी करून टाकलेलं असतं, तिथं एकेक पान उघडून नाव बदलावं लागतं. जिल्ह्यात 14 तालुके आहेत. प्रत्येक शाखेचं पान वेगळं असेल तर एखादं हमखास सुटतं. अहिल्यादेवींची चोंडी ज्या जामखेड तालुक्यात, नेमकं तेच सुटलं तर लोकांना काय वाटेल, सांग बरं! नाव, पत्ता, फोन एकाच फाइलीत ठेव आणि सगळ्या पानांना तिथूनच घेऊ दे.

आता तुझा प्रश्न, पीएचपीत अशी फाइल पानाला जोडायला इन्क्लूड की रिक्वायर? फाइल जागेवर असेल तर दोन्ही सारखेच. नसेल, तर इन्क्लूड नुसती वॉर्निंग देतं आणि पान पुढे चालू राहतं. रिक्वायर तिथंच सगळं थांबवतं. म्हणून प्रत्येक फाइलीपाशी स्वतःला विचार, ही नसताना पान उघडलेलं चालेल का? दिवाळीच्या शुभेच्छांची पट्टी नाही दिसली तर काही बिघडत नाही, तिला इन्क्लूड पुरे. पण लॉगिन तपासणारी फाइल गायब असताना पान पुढे सरकलं, तर तपासणी होणारच नाही आणि कुणाचंही खातं कुणालाही दिसेल. लोकांच्या घामाचा पैसा आहे तो. तिथं रिक्वायरच, यात माझ्याशी वाद घालू नकोस.

फंक्शनांच्या फाइलींना रिक्वायर_वन्स लाव, कारण तेच फंक्शन दुसऱ्यांदा आलं की पीएचपी फेटल एरर देतं. मात्र सवयीनं सगळीकडे वन्स लिहू नकोस हं. शाखेच्या माहितीची चौकट लूपमध्ये घेतेस ना, तिथं वन्स लावलंस तर पहिलीच शाखा दिसेल, बाकीच्या नाहीत.

पाथ लिहिताना सुरुवात __डीआयआर__ पासून कर, म्हणजे ती ओळ असलेली फाइल दुसऱ्या फोल्डरमधल्या पानानं घेतली तरी जोडलेली फाइल सापडते. डेटाबेसचा पासवर्ड पब्लिक_एचटीएमएलच्या बाहेर ठेव. आणि यूआरएलमधून आलेलं नाव थेट इन्क्लूडच्या हाती कधीच देऊ नकोस बाळा. सर्व्हरवरच्या नको त्या फाइली त्यातून उघडतात. कोणती पानं चालतील त्यांची यादी तू कर, यादीबाहेरचं नाव आलं की परत पाठव.

साइट चढवण्याआधी तुझ्या लॅपटॉपवर लॉगिनच्या फाइलीचं नाव मुद्दाम बदलून बघ. खात्याचं पान तरीही उघडलं, तर काम थांबव आणि मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.